रापी कोणाची, संघटना कोणाची?

चामड्याच्या धंद्यात या देशात संघटनांचा दुष्काळ मुळीच नाही. मद्रासेत आहेत, कानपुरात आहेत, कलकत्त्यात आहेत, मुंबईतही आहेत. कच्च्या कातड्याचे व्यापारी, टॅनरीवाले, तयार चामडे परदेशी धाडणारे, बूट करणारे, प्रत्येकाचा आपापला संघ आणि प्रत्येकाचा आपापला छापील कागद. त्या कागदावर पत्र गेले की दिल्लीत निदान उघडून वाचले जाते. जो मेलेल्या जनावराचे कातडे सोलतो आणि जो ते शिवतो, त्या दोघांचा मात्र असा कागद नाही. धंद्याचे नाव घेऊन बोलणारे पुष्कळ, आणि ज्याच्या हातात रापी आहे तो गप्प, अशी ही शंभर वर्षांची व्यवस्था आहे. ती तशीच चालू द्यायची की नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला वाटेल, संत्री आणि कापूस सोडून दिवाळीच्या तोंडावर हे कातड्याचे काय काढले! ज्यांच्या विहिरीवर मोट चालली त्या घरांना असे वाटणार नाही. माझे आजोबा जाम नदीकाठच्या एका खेड्यात मोटा शिवत. अख्ख्या कातड्याची मोट, शिवण वादीची, कारण सूत पाण्यात कुजते. वर नाडा, खाली सोंदूर. मोट फाटली की रात्री-अपरात्री बोलावणे येई, कारण पाणी थांबले की मळा वाळतो. मोबदला मात्र रोख नसे. तो सुगीत खळ्यावर, धान्याच्या रूपाने, आणि मालकाच्या मर्जीच्या मापाने. पोळा जवळ आला की बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे नवे करून देण्याची घाई उडे. ज्या बैलाला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी, तो मेला की त्याच बैलाला शिवायला गावात कोणी तयार नसे; आणि ज्याने ते कातडे हाताळले त्याला शिवायलाही नसे. हे सांगताना मला रडगाणे गायचे नाही. सांगायचे ते इतकेच की या भागातली शेती चामड्यावर उभी होती आणि ते चामडे करणारा माणूस त्या शेतीच्या हिशेबात कुठेच नव्हता.

पुढे ऑईल इंजिने आली, विजेचे पंप आले, मोट गेली. त्याचा दोष कोणालाच देता येणार नाही. पण पांढुर्ण्याच्या बाजारात कापसाच्या अडत्यांनी एक दिवस काटा बंद ठेवला तर सायंकाळपर्यंत साहेबांची गाडी येते. मोट शिवणारे गाव-गाव बसले, घर-घर बसले, तेव्हा कोणाची गाडी आली? कोणाला कळलेसुद्धा नाही. कारण ते एकेकटे बसले. मरणाच्या दारात असलेला धंदा संघटनेने वाचतोच असे नाही, पण तो मरतो आहे याची नोंद तरी होते.

आता संघटना काय करू शकते ते पाहू. १९१४ पूर्वी कलकत्त्याहून जाणाऱ्या कच्च्या कातड्याच्या व्यापारावर जर्मन पेढ्यांचा पगडा होता. महायुद्ध झाले, तो पगडा मोडला, आणि १९१९ साली सरकारने कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसवला. माल ब्रिटिश साम्राज्यातच गेला तर त्यातले दोन तृतीयांश परत. कातडे बाहेर जाऊ नये म्हणून टॅनरीवाले या कराच्या बाजूचे. कच्चा माल विकणारे व्यापारी विरुद्ध बाजूचे. दोघांनाही आपापले मंडळ होते, दोघांचीही बाजू कागदावर आली. १९२३ साली कर ५ टक्क्यांवर आला. या चार वर्षांच्या ओढाताणीत ज्याने गावच्या वेशीबाहेर ते कातडे सोलले त्याला भाव काय मिळाला, हे कोणी विचारले नाही. विचारणार तरी कोण? तो त्या सभेत नव्हता.

तसेच पुन्हा स्वातंत्र्यानंतर. १९७२ साली सीतारामय्या समितीने सांगितले की कच्चे कातडे विकण्यात देशाचे नुकसान आहे, त्याचे तयार चामडे आणि बूट करून विकावेत. १९७३ पासून कच्च्या मालाची निर्यात बंद झाली. १९८४ मध्ये चर्म निर्यात परिषद उभी राहिली. देशाच्या दृष्टीने धोरण बरोबर होते, मीही ते बरोबरच म्हणतो. तयार मालाची निर्यात वाढली, कारखाने निघाले, लाखोंना काम मिळाले. पण बाजाराचा साधा नियम कोणत्याही आठवडी बाजारातल्या बाईला ठाऊक असतो : दहा गिऱ्हाइकांतली पाच हाकलली की उरलेली पाच भाव पाडून मागतात. परदेशी गिऱ्हाईक तोडल्यावर कच्च्या कातड्याचा भाव देशातल्या टॅनरीवाल्याच्या हाती गेला. त्याला मिळाले ते संरक्षण, आणि त्या संरक्षणाची किंमत कोणी भरली हे अहवालात लिहीत नाहीत.

फार जुने झाले म्हणाल, तर अगदी अलीकडचे घ्या. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात पादत्राणे आणि चामड्यासाठी खास योजना जाहीर झाली. २२ लाख रोजगार, ४ लाख कोटींची उलाढाल, १ लाख १० हजार कोटींवर निर्यात, असे आकडे वाचून दाखवले गेले. त्याच भाषणात परदेशातून येणाऱ्या ‘वेट ब्ल्यू’ म्हणजे अर्धवट कमावलेल्या चामड्यावरची आयात जकात पूर्ण माफ झाली. निर्यातदारांनी स्वागत केले, करणारच. त्यांना स्वच्छ, एकसारखे, डाग नसलेले चामडे हवे आहे. आमच्याकडचे कातडे मुर्दारी, म्हणजे आपोआप मेलेल्या जनावराचे. त्याला उशीर झालेला असतो, ओढून आणताना घासलेले असते, सुरीचे ओरखडे असतात, मीठ कमी पडलेले असते. हे दोष दूर करता येतात. जनावर मेल्यापासून काही तासांत सोलणे, ओढत न नेता गाडीवर नेणे, भरपूर मीठ, बस. मद्रासची मध्यवर्ती चर्म संशोधन संस्था १९४८ पासून हेच शिकवत आली आहे. पण परदेशी माल विनाजकात दारात आला तर इथल्या कातड्याचे दोष दूर करण्याची गरज कोणाला राहील? हा प्रश्न त्या २२ लाखांतल्या कोणीतरी उठून विचारायला हवा होता. २२ लाख हा आकडा भाषणात कामी येतो. मतदानाला, म्हणजे संघटनेच्या मतदानाला, तो येत नाही.

संघटनेची ताकद मला खोटी वाटत नाही, उलट हेवा वाटतो. २८ ऑगस्ट १९९६ रोजी वेल्लोरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या टॅनऱ्यांना चांगलेच फैलावर घेतले. पालार नदीचे पाणी नासवल्याबद्दल प्रत्येक टॅनरीला १० हजार रुपये दंड, आणि सांडपाणी शुद्ध करा नाहीतर कुलूप लावा. एकट्या टॅनरीवाल्याला तसे यंत्र परवडणारे नव्हते. त्यांनी गटागटाने सामाईक प्रकल्प उभे केले आणि पुष्कळ जण तगले. संघटना म्हणतात ती हीच : एकट्याला न पेलणारे ओझे दहा जणांच्या खांद्यावर देणे. आपल्याकडे हिरडा आणि बाभळीच्या सालीने कातडे कमावणारी कुंडे होती. त्यांचे सांडपाणी ते काय! पण त्यांच्यासाठी दहा खांदे कोणी गोळा केले नाहीत, म्हणून ती बुजली.

वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. गांधीजींचा त्याला पाठिंबा होता. फक्त मेलेल्या जनावरांचे कातडे, शास्त्रशुद्ध सोलणे, हाडामांसाचा खतासाठी उपयोग. तिकडे कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात सुरी घेतली. या माणसांविषयी मला अपार आदर आहे. त्यांनी धंद्याची लाज घालवण्याचा प्रयत्न केला, आणि तोही दुसऱ्याला उपदेश करून नव्हे. पण त्या प्रयोगांचे मालक आश्रम आणि ट्रस्ट होते. आश्रमाची माणसे थकली की सुरीही थकली. कारागिराला तिथे शिक्षण मिळाले, सन्मान मिळाला, मालकी नाही मिळाली.

इथे एक फार गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नागपूर आपल्यापासून लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धर्मांतर झाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचाच विषय काढला. हे काम सोडल्याने महारांचे किती रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब पूर्वी कोणीतरी ‘केसरी’त मांडला होता. बाबासाहेबांचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे : एवढा फायदा आहे ना, मग तो तुम्हीच घ्या, वर पैसे मी देतो! त्या उत्तराला आजतागायत कोणी प्रत्युत्तर देऊ शकलेले नाही. मग मी कोण मोठा लागून गेलो, जो आज म्हणतो की हा धंदा धरा?

धंदा धरा असे मी म्हणतच नाही. ज्याने सोडला त्याने उत्तम केले. त्याची मुले नागपूरच्या कचेऱ्यांत, भोपाळच्या बँकांत आहेत, आनंद आहे. बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती होती. जात म्हणून अंगावर पडलेले, मोबदल्यात उष्टे आणि अपमान देणारे काम त्यांनी नाकारले. पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. कातड्याचा पैसा काही मातीत गेला नाही. हाडाचा गेला नाही, शिंगाचा गेला नाही. घाण आणि दुर्गंधी गरिबाच्या नावावर राहिली, आणि ज्याच्याकडे गोदाम आणि ट्रक होता त्याने ठेका घेऊन पैसा उचलला. त्याला कोणी अस्पृश्य म्हटले नाही. तो व्यापारी झाला, संघाचा सभासद झाला. आणि जे आजही हे काम करतात, करावे लागते म्हणून करतात, त्यांचे काय? ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून मारले. देशभर त्याचे पडसाद उमटले. दलित संघटना रस्त्यावर आल्या, मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे आणून टाकली गेली. ज्यांचा सगळा धंदा त्या कातड्यावर उभा आहे, त्या संघांनी आपल्या कच्च्या मालाचा पहिला हात असलेल्या माणसासाठी बाजार एक दिवस तरी बंद ठेवायला हवा होता. तसा बंद माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या सीमेवर हा प्रश्न दुप्पट आहे. मध्य प्रदेशात २००४ चा गोवंश वध प्रतिषेध कायदा आहे, महाराष्ट्रात २०१५ ची दुरुस्ती. दोन्ही कायदे वधाचे आहेत. आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे काढणे हा गुन्हा दोन्हीकडे नाही. पण सौंसरहून सावनेरकडे मोटारसायकलवर मिठातले कातडे घेऊन निघालेल्या माणसाने नाक्यावर हे कलमवार समजावून सांगायचे, आणि तेही एका बाजूला हिंदीत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत! म्हणून तो जातच नाही. दारात येणाऱ्या दलालाला देईल त्या भावात देतो. एक म्हातारा कारागीर मला म्हणाला, “मास्तर, कातड्याले गिऱ्हाईक आहे, आमाले वाली नाही.” यात वाली म्हणजे देवमाणूस नको आहे. शिक्का मारलेला एक कागद हवा आहे : जनावर कोणाचे, कधी मेले, कोणी पाहिले. असा कागद एकटा माणूस मागायला गेला तर त्याला उद्या या म्हणतात. संस्था गेली तर निदान अर्ज तरी घ्यावा लागतो.

आता कोल्हापुरीची गोष्ट, कारण ती ताजी आहे आणि या सगळ्याचा आरसा आहे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८-१९ मध्ये, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे धरून. मानांकनाचे नोंदणीकृत मालक दोन सरकारी महामंडळे : इकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि तिकडचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास निगम. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल पुरुषांच्या पायात घातली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिले. कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची आहे. पुढे तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. एका पत्रात एवढी ताकद!

त्याच सुमारास काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मानांकनाचे जे नोंदणीकृत मालक आहेत त्यांनी यावे, तुमचा अधिकार काय, असा त्याचा मथितार्थ. कायद्याने बरोबरच. आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. २००० जोड, जोडीला सुमारे ८०० युरो.

वाचकहो, या संपूर्ण प्रकरणात बोलले कोण ते मोजा. व्यापाऱ्यांची शिखर संस्था बोलली, वकील बोलले, न्यायालय बोलले, दोन सरकारांची महामंडळे बोलली, परदेशी कंपनी बोलली. ज्या बाईने ती वेणी विणली आणि ज्या माणसाने तो तळ कापला, त्यांची छायाचित्रे छापून आली. मी ललित गांधींना दोष देत नाही. त्यांनी पत्र लिहिले नसते तर कदाचित काहीच झाले नसते. पण ८०० युरोंतले वेणीचे किती, हा प्रश्न व्यापाऱ्यांची संस्था कशाला विचारील? तो विचारायला वेणीवाल्यांचीच संस्था लागते. अथणीला १९९९ च्या सुमारास ‘टोहोल्ड’ नावाने अशी धडपड झाली, कारागीर बायकांचे बचत गट करून त्यांच्या मालकीने चपला परदेशी पाठवायची. अथणी बेळगाव जिल्ह्यात आहे. सीमाभागातच आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

आणि गंमत पाहा. बेळगावावरून ज्या दोन राज्यांचे १९५६ पासून वाजते आहे, ती दोन सरकारे एका चपलेच्या मानांकनात गुण्यागोविंदाने बसली! आपल्याकडे तर तसे भांडणही नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपला छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसरच्या चांभाराचे सोयरे नरखेड-काटोलला राहिले. तिकडच्या सोयऱ्याला रोहिदास महामंडळाचे कर्ज, गटई कामगार म्हणून पत्र्याचा स्टॉल. इकडे एका कचेरीत आमच्या माणसाने अर्जात ‘गटई’ लिहिले तर बाबूने विचारले, “ये गटई क्या होता है?” विश्वकर्मा योजनेत सप्टेंबर २०२३ पासून १५ हजारांची अवजारे आणि स्वस्त कर्ज मिळू लागले. चांगले आहे, घ्यावे. पण ती योजना प्रत्येकाला वेगळी आरी देते. आऱ्या वाढल्या म्हणून भाव ठरवण्याची शक्ती येत नाही.

समाजाची मंडळे आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत. माघी पौर्णिमेला रोहिदास जयंती होते, मिरवणूक निघते, वधूवर मेळावा होतो, गुणवंतांचा सत्कार होतो. त्यात वाईट काही नाही. पण त्या व्यासपीठावर मिठाचा भाव, कातड्याचा भाव, नाक्यावरचा त्रास हा विषय मी कधी ऐकला नाही. उलट धंद्याचे नाव काढले की पुढच्या रांगेतले नोकरदार चुळबुळ करतात. जातीचे मंडळ धंदा लपवण्यासाठी आणि व्यापाऱ्यांचा संघ धंदा विकण्यासाठी, मग जो रोज सकाळी पेटी उघडून स्टँडवर बसतो त्याने कोणाकडे जायचे? शिवाय कातड्याचे काम आज एकाच जातीचे राहिलेले नाही. जातीची दोरी बांधून त्याची संघटना होणारच नाही.

२००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्यात एक सोपी तरतूद आहे : दोन राज्यांत काम करणारी संस्था काढायची तर प्रत्येक राज्यातले निदान ५० सभासद हवेत. पन्नास इकडचे, पन्नास तिकडचे. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव इकडून; नरखेड, सावनेर, वरूड तिकडून. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा आता छिंदवाड्याला खेटे घालण्याचे कारणही उरले नाही. या संस्थेने निर्यातीची स्वप्ने सुरुवातीला पाहू नयेत. पहिल्या वर्षी तीन कामे पुरेत : मीठ घाऊक घेऊन सभासदांना देणे, कातड्याबरोबर जाणारा कागद दोन्ही भाषांत छापून तिन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांकडून मान्य करून घेणे, आणि आठवडी बाजारात कातड्याचा त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहिणे. भाव लिहिला की दलालाचे अर्धे काम संपते.

घटनेत एक कलम मात्र पहिल्याच सभेत घालावे लागेल, आणि त्यावर भांडण होईल हेही आत्ताच सांगतो. व्यापाऱ्याला सभासद होता येईल, टॅनरीवाल्याला होता येईल, माझ्यासारख्या पेन्शनर मास्तरलाही सभेत बसून चहा पिता येईल. मत मात्र त्यालाच, ज्याचा हात रापीवर किंवा आरीवर चालतो. बायकांनाही. घरातले शिवणे आणि विणणे त्याच करतात, आणि आजवरच्या प्रत्येक यादीत नाव नवऱ्याचे लागले आहे.